मोरचूद : हाताळणी आणि साठवण

शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाट उघडले, की सर्वांत आधी नजरेत भरते ती निळ्याशार स्फटिकांची बरणी. कॉपर सल्फेट हे तिचे पाठ्यपुस्तकातले नाव. मराठीत ते मोरचूद, संस्कृत ग्रंथांत तुत्थ आणि हिंदीभाषक बाजारात नीला थोथा. त्याच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून त्यावर चढलेला तांब्याचा तांबूस थर पाहिला नाही, असा दहावी पार केलेला विद्यार्थी विरळाच. या जुन्या ओळखीमुळेच मोरचुदाविषयी एक प्रकारचा निर्धास्तपणा आला आहे. सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीला हात लावताना दहादा विचार करणारा विद्यार्थी मोरचुदाचा खडा मात्र तळहातावर घेऊन मित्राला दाखवत फिरतो. आम्ल भाजते ते तत्क्षणी कळते. मोरचुदाने केलेली हानी पूर्णपणे उघड व्हायला कधी एक दिवस लागतो, तर कधी त्याहून अधिक.

रसायनशास्त्राच्या भाषेत मोरचूद हा एक 'क्षार' आहे. आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून तयार होणाऱ्या पदार्थांना हे नाव आहे आणि स्वयंपाकघरातील मीठ हा त्यांपैकी केवळ एक. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द असल्याने तेथे घोटाळा होतो. मराठीत शब्द वेगळे असूनही 'क्षार म्हणजे मिठासारखाच काहीतरी निरुपद्रवी पदार्थ' हा समज मात्र पसरलेला आहेच.

पाणी असलेले आणि पाणी नसलेले

निळे खडे म्हणजे शुद्ध कॉपर सल्फेट नव्हे. त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे पाच रेणू स्फटिकात बांधलेले असतात. यालाच स्फटिकजल म्हणतात. १०० ग्रॅम खड्यांत सुमारे ३६ ग्रॅम पाणीच असते. खडे तापवले, की हे पाणी टप्प्याटप्प्याने निघून जाते. सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत शेवटचा रेणूही सुटतो आणि मागे उरते ती राखाडी पांढरी, निर्जल भुकटी. या भुकटीवर पाण्याचा थेंब पडला, की ती पुन्हा निळी होते. एखाद्या द्रवात पाणी आहे की नाही, हे ओळखण्याची ही चाचणी शाळेत शिकवली जाते ती यामुळेच.

साठवणीच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. निळ्या खड्यांत तांब्याचे प्रमाण सुमारे २५ टक्के, तर निर्जल भुकटीत जवळपास ४० टक्के. बरणीवर नुसतेच 'कॉपर सल्फेट' लिहिलेले असेल आणि आत नेमके काय आहे हे कोणी पाहिले नाही, तर तयार होणारे द्रावण ठरल्यापेक्षा दीडपटीहून अधिक तीव्र होऊ शकते. शिवाय निर्जल भुकटी पाणी शोषताना उष्णता बाहेर टाकते. ओल्या हातावर किंवा घामेजलेल्या कपाळावर ती पडली, तर दाह होतोच आणि वर चटकाही बसतो.

धोका नेमका कोणता?

रसायनांचे धोके दाखवणाऱ्या आंतरराष्ट्रीय चिन्हपद्धतीनुसार मोरचुदाच्या डब्यावर प्रामुख्याने तीन गोष्टी नोंदवल्या जातात : गिळल्यास अपायकारक, डोळ्यांना गंभीर इजा करणारे आणि जलचरांना दीर्घकाळ अत्यंत विषारी. तिसऱ्या मुद्द्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. मेलेला मासा आणि वठलेले झाड असलेले ते चिन्ह डब्यावर असते, आणि त्याच डब्यातले उरलेले द्रावण प्रयोग संपताच बेसिनमध्ये ओतले जाते.

मोरचूद पोटात गेले, तर जठराच्या अस्तराचा दाह होतो. तोंडाला धातूसारखी चव येते, पोटात जळजळ आणि कळा सुरू होतात, हिरवट-निळ्या उलट्या होतात. या उलट्यांमुळे बरेचसे विष बाहेर पडते हे खरे, आणि एके काळी वैद्यकात उलटी करवण्यासाठी मोरचुदाचे सौम्य द्रावण मुद्दाम दिले जात असे. उलटी झाली नाही, तर औषध म्हणून दिलेले तांबे शरीरातच राहते, हे लक्षात आल्यावर आणि त्यातून मृत्यूही ओढवल्यावर हा उपाय सोडून देण्यात आला. जुन्या पुस्तकांत तो अजूनही छापलेला सापडतो, म्हणून त्याचा येथे उल्लेख.

खरा कपटीपणा पुढे आहे. उलट्या थांबतात, रुग्णाला बरे वाटू लागते, घरचे लोक निःश्वास सोडतात. दरम्यान रक्तात शिरलेले तांबे तांबड्या पेशी फोडू लागते. साधारणपणे १२ ते २४ तासांत हे सुरू होते. लघवी गडद रंगाची होते, डोळे पिवळे दिसू लागतात आणि फुटलेल्या पेशींचा भार मूत्रपिंडांवर येऊन ती निकामी होण्याची वेळ येते. यकृतालाही इजा पोहोचते. त्यामुळे 'उलटी झाली, आता काळजी नाही' हा निष्कर्ष मोरचुदाच्या बाबतीत पूर्णपणे चुकीचा ठरतो. थोडेसे मोरचूद गिळल्याची नुसती शंका असली, तरी रुग्णालयात जाणे आणि तेथे रक्ताच्या तपासण्या होईपर्यंत थांबणे आवश्यक असते. तांबे शरीराबाहेर काढणारी पेनिसिलामाइन, डायमरकॅप्रॉल यांसारखी औषधे उपलब्ध आहेत. परंतु ती कधी आणि किती द्यायची, हा निर्णय डॉक्टरांचाच.

अशा वेळी घरात जे केले जाते, त्यातील बरेचसे टाळायला हवे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे हा त्यांतील सर्वांत घातक प्रकार. लहान मुलांमध्ये त्या मिठानेच रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. घशात बोट घालू नये. रुग्ण शुद्धीवर असेल, तर चूळ भरायला लावावी, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि ज्या बरणीतून किंवा पुडीतून पदार्थ घेतला ती लेबलासह सोबत न्यावी. दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. उपचार करणारे डॉक्टर त्याचा सल्ला घेऊ शकतात.

डोळ्यांविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. मोरचुदाचा कण डोळ्यात गेला, तर तो अश्रूंत विरघळून तीव्र द्रावण तयार होते आणि पारपटलाला इजा होते. निदान १५ मिनिटे, पापण्या उघड्या धरून, वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे आणि मग नेत्रतज्ज्ञाकडे जावे. १५ मिनिटे हा काळ ऐकायला छोटा वाटतो; रडणाऱ्या मुलाचे डोके नळाखाली धरून ठेवणाऱ्याला तो फार मोठा वाटतो. दोन-तीन हबक्यांवर बहुतेक जण थांबतात आणि तेथेच नुकसान होते.

प्रयोग करताना

मोरचुदाचे मोठे खडे तुलनेने सुरक्षित असतात. भुकटी तशी नसते. खलबत्त्यात खडे कुटताना उडणारी धूळ नाकातोंडात जाते, शिंका येतात, घसा खवखवतो. शक्यतो बारीक स्फटिकच विकत आणावेत, म्हणजे कुटण्याची वेळच येत नाही. वजन करताना वरचा पंखा बंद ठेवावा. पंख्याचा वारा तराजूचा काटा तर हलवतोच, शिवाय भुकटी शेजारच्या बाकापर्यंत पोहोचवतो. संरक्षक चष्मा आणि रबरी हातमोजे या वस्तू आपल्याकडील अनेक शाळांत अजूनही चैनीच्या मानल्या जातात. वास्तविक एका वर्गासाठी लागणाऱ्या साध्या चष्म्यांचा खर्च वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा कमीच असेल.

द्रावण पिपेटने तोंडाने ओढण्याची जुनी सवय पूर्णपणे बंद व्हायला हवी. त्यासाठी रबरी फुगा मिळतो. प्रयोगशाळेत खाणे-पिणे नको, प्रयोगानंतर हात साबणाने धुवावेत, हे नियम सर्वांना पाठ असतात. तरीही मधल्या सुट्टीच्या आधीचा तास रसायनशास्त्राचा असेल, तर निळसर बोटांनीच डबा उघडला जातो.

स्फटिकजल घालवण्याचा प्रयोग करताना परीक्षानळीचे तोंड किंचित खाली झुकलेले ठेवतात. बाहेर पडणारी वाफ वरच्या थंड भागात निवते आणि ते पाणी उलटे वाहत तापलेल्या तळाशी गेले, तर काच तडकते. खडे पांढरे झाले, की आच काढावी. त्यापुढे जोराने तापवत राहिल्यास पदार्थाचेच विघटन होऊन गंधकाचे तिखट वायू बाहेर पडतात. वर्गात एखादा दम्याचा रुग्ण असेल, तर त्याला ते लगेच जाणवतात.

कपाटातील जागा

मोरचूद जळत नाही, स्फोट होत नाही, त्याला वास नाही. त्यामुळे कपाटात जेथे जागा मिळेल तेथे ते ठेवले जाते. मात्र शेजारी कोण आहे, याला महत्त्व आहे. मॅग्नेशियमची भुकटी, सोडियमसारखे क्रियाशील धातू, दाहक सोडा यांसारख्या तीव्र आम्लारी आणि हायड्रॉक्सिलअमीन यांच्यापासून ते दूर असावे. त्यातही निर्जल भुकटी आणि हायड्रॉक्सिलअमीन एकत्र आल्यास पेट घेण्याइतकी तीव्र अभिक्रिया होते. अनेक प्रयोगशाळांत बाटल्या इंग्रजी वर्णानुक्रमाने लावण्याची पद्धत आहे. बाटली शोधायला ती सोयीची. परंतु वर्णमालेला रसायनशास्त्र कळत नाही. आधी क्षार, आम्ले, आम्लारी, ज्वलनशील द्रव, धातू असे गट वेगळे करावेत आणि मग प्रत्येक गटात हवा तर वर्णानुक्रम ठेवावा.

भांडे काचेचे किंवा जाड प्लॅस्टिकचे, रुंद तोंडाचे आणि प्लॅस्टिकच्या फिरकीच्या झाकणाचे असावे. पत्र्याचे झाकण चालत नाही. मोरचुदाचे पाण्यातील द्रावण आम्लधर्मी असते आणि लोखंड, जस्त व ॲल्युमिनियम यांना ते खाते. थोडीशी ओल लागली, की झाकण गंजून चिकटते, गंज आत पडतो आणि खडे मळकट दिसू लागतात. पत्र्याच्या कपाटाच्या फळीवर बरणीखाली प्लॅस्टिकची ताटली ठेवली, तर सांडलेले कण फळी पोखरत नाहीत. बरणीत लोखंडी चमचा तर कधीच विसरू नये.

हवामानाचाही विचार करावा लागतो. विदर्भात एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात सैल झाकणाच्या बरणीतील खड्यांवर फिकट पांढरी पूड दिसू लागते. वरच्या थरातील स्फटिकजल उडून गेल्याची ती खूण. कोकणात नेमके उलटे. पावसाळ्यातील दमट हवेत भुकटीचे ढेकूळ होते आणि निर्जल मोरचूद तर झाकण उघडे राहिल्यास आपोआप निळे पडते. दोन्हीकडे उपाय एकच : घट्ट झाकण, थंड आणि कोरडी जागा, थेट ऊन नाही. रंग बदललेला पदार्थ फेकून देण्याचे कारण नाही, परंतु अचूक द्रावणासाठी तो वापरू नये.

बरणी डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर ठेवू नये, कपाटाला कुलूप असावे आणि किल्ली जबाबदार व्यक्तीकडे असावी. नोंदवहीत किती आणले, किती वापरले, किती उरले हे लिहिलेले असावे. लेबलवर पदार्थाचे पूर्ण नाव, निर्जल की सजल, आणल्याची तारीख आणि धोक्याचे चिन्ह एवढे तरी हवेच. कागदी लेबल कसरीने खाल्ले किंवा ओघळाने पुसले गेले, तर बरणी अनाथ होते. जुने प्रयोगशाळा सहायक लेबलवर मेणाचा पातळ हात फिरवत असत. आज पारदर्शक चिकटपट्टीने तेच काम होते.

घरातील मोरचूद

शहरात हा पदार्थ केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. पुस्तकबांधणीच्या खळीला कीड लागू नये म्हणून त्यात थोडे मोरचूद घालण्याची रीत जुनी आहे. पोहण्याच्या तलावातील शेवाळ मारायला, मत्स्यालयातील परजीवी घालवायला, गच्चीवरील बागेत बुरशीनाशक म्हणून त्याचा वापर होतो. विज्ञान प्रदर्शनासाठी घरी मोठा स्फटिक वाढवणे हा तर मुलांचा आवडता उद्योग. लंडनमध्ये २००८ साली रॉजर हायॉर्न्स या कलावंताने एका रिकाम्या सदनिकेत ७५ हजार लिटर कॉपर सल्फेटचे द्रावण ओतून भिंती-छतांसह सारी जागा निळ्या स्फटिकांनी मढवली होती. ते सौंदर्य पाहता मुलांना या प्रयोगाचे आकर्षण वाटते यात नवल नाही. तो करू नये असे नाही. तो स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकाच्या भांड्यांत करू नये.

बहुतेक घरगुती अपघातांची वाट एकच असते. द्रावण शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरले जाते. बाटली खिडकीत राहते. तिच्यातला निळा रंग बाजारातील एखाद्या सरबतासारखा दिसतो. घरात लहान मूल असते, किंवा अंधारात तहान लागलेले आजोबा. मोरचुदाचे खडे पुडीत बांधून फडताळात ठेवले, तर ते निळ्या खडीसाखरेसारखे दिसतात आणि पुडीवर नाव नसते. खाण्यापिण्याच्या कोणत्याही रिकाम्या भांड्यात, मग त्यावर कितीही मोठी सूचना चिकटवलेली असो, रसायन भरू नये. वाचता न येणाऱ्या मुलाला ती सूचना काय सांगणार? स्फटिक वाढवायला ठेवलेले भांडे झाकलेले, उंच आणि कुलूपबंद जागी असावे आणि प्रयोग संपताच उरलेले मोरचूद शाळेत परत करावे. तोंड आल्यावर किंवा त्वचेवरील चट्ट्यांवर मोरचूद लावण्याचे घरगुती उपाय सांगितले जातात, तेही टाळलेले बरे.

गच्चीवरील बागेसाठी बोर्डो मिश्रण करणाऱ्यांनी त्याचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. फ्रान्समधील बोर्डो परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना परावृत्त करण्यासाठी मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण शिंपडले जात असे. त्याच वेली केवडा रोगातून वाचल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे यांच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जगासमोर मांडले. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार आजही ते जाणतो. एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करतात. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे असावे, लोखंडाचे नव्हे. मिश्रणात स्वच्छ लोखंडी पाते बुडवून त्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडला असे समजून तो वाढवतात. शाळेतील खिळ्याचाच हा प्रयोग. फवारणी मात्र मास्क लावूनच करावी. पोर्तुगालमधील द्राक्षबागांत वर्षानुवर्षे हे मिश्रण फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत तांब्याचे अंश आणि व्रण आढळल्याची नोंद १९६९ साली वैद्यकीय नियतकालिकात झाली, आणि त्या आजाराला द्राक्षबागेतील फवारणीचेच नाव मिळाले.

उरलेल्याचे काय?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ती १.५ मिलिग्रॅमपर्यंत शिथिल केली जाते. हिशेब करून पाहिला, तर चित्र स्पष्ट होते. २५ ग्रॅम खड्यांत, म्हणजे एका गटाच्या प्रयोगाला पुरेल एवढ्या मोरचुदात, सुमारे ६.४ ग्रॅम तांबे असते. ते शिथिल मर्यादेपर्यंत विरळ करायला चार हजार लिटरहून अधिक पाणी लागेल. माशांना आणि गोगलगायींना तर याहून कितीतरी कमी तांबे पुरते. पाणी मृदू असेल तर आणखी कमी. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंनाही ते मानवत नाही. म्हणून द्रावण बेसिनमध्ये, गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये.

शाळेच्या पातळीवर करता येण्यासारखी पद्धत अवघड नाही. वर्गातील सर्व गटांची उरलेली द्रावणे एका मोठ्या प्लॅस्टिकच्या बादलीत गोळा करावीत. त्यात धुण्याच्या सोड्याचे द्रावण हळूहळू, ढवळत घालावे. फसफसून वायू बाहेर येतो, त्यामुळे बादली निम्मीच भरलेली असावी. निळसर हिरवा अवक्षेप तयार होतो. लिटमस निळा दाखवू लागला आणि वरचे पाणी रंगहीन झाले, की सोडा घालणे थांबवावे. रात्रभर निवळू देऊन वरचे पाणी काढून टाकावे. खालचा गाळ गाळणकागदावर घेऊन वाळवावा आणि नाव-तारीख लिहिलेल्या बरणीत ठेवावा. दुसरा मार्ग लोखंडाच्या चुऱ्याचा : तो द्रावणात टाकून ठेवला, की तांबे सुटे होऊन तळाशी बसते आणि द्रावणाचा निळा रंग जाऊन फिका हिरवा येतो.

जमिनीवर सांडलेली भुकटी कोरड्या झाडूने झाडू नये, कारण धूळ उडते. ओल्या फडक्याने टिपून ते फडके याच बादलीत धुवावे. वर्षाअखेरीस जमलेला गाळ अधिकृत घातक कचरा संकलन करणाऱ्या यंत्रणेकडे द्यावा लागतो. एकट्या शाळेचा कचरा फार थोडा भरतो, म्हणून परिसरातील महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाशी बोलून त्यांच्या कचऱ्याबरोबर तो पाठवता येतो का, हे पाहणे अधिक व्यवहार्य ठरते. तोपर्यंत ती बरणी मोरचुदाच्याच कपाटात, कुलपाआड आणि नोंदवहीत स्वतंत्र ओळ लिहून ठेवावी.